दुसरा फोटो

दिवाळी जवळ आली की एक फोटो हमखास येतो. पूर्वी तो ऑफिसच्या ई-मेलमधून फिरायचा, आता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, एवढाच फरक. काळ्या पार्श्वभूमीवर भारत, त्यात पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके, आणि वर मथळा, की दिवाळीच्या रात्री आपला देश अवकाशातून असा दिसतो. सोबत नासाचं नाव. नासाचं नाव असलं की आपण फारसे प्रश्न विचारत नाही.

तर मंडळी, तो फोटो दिवाळीचा नाही. खरं तर तो एका रात्रीचाही नाही. अमेरिकेच्या 'नोआ' या हवामान आणि समुद्रविषयक संस्थेतल्या ख्रिस एल्विज या शास्त्रज्ञाने लष्करी हवामान उपग्रहांनी टिपलेला रात्रीचा उजेड वर्षावर्षांनुसार एकावर एक रचून ते चित्र बनवलंय. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे. निळे १९९२ मध्ये दिसायला लागलेले, हिरवे १९९८ मध्ये, आणि लाल २००३ मध्ये. रंग आपल्याला कळावं म्हणून दिलेले, रोषणाईचे नव्हेत.

मग खरी दिवाळी वरून कशी दिसते? नासाने ते पण दाखवलं. १२ नोव्हेंबर २०१२ च्या रात्रीचं दक्षिण आशियाचं चित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. त्यात शहरं लखलखतायत, पण ती रोजच लखलखतात. आपल्या पणत्या, आकाशकंदील आणि फटाक्यांची भर इतकी किरकोळ असते की ती अवकाशातून बहुधा जाणवतही नाही. झालं, उत्साहावर पाणी!

पण मला विचाराल तर त्या खोट्या मथळ्याखालचं खरं चित्र जास्त भारी आहे. कुठल्या तालुक्यात आधी उजेड होता आणि कुठे तो २००३ साली पोचला, हे एका नजरेत सांगणारं चित्र आहे ते. एक दशकभराचा हिशोब आहे. आणि आपण तो हिशोब पुसून त्याला "एका रात्रीची गंमत" करून टाकलं.

आज जे लिहायचंय ते याच्याशीच संबंधित आहे. अवकाशातून काढलेल्या पृथ्वीच्या फोटोंचा इतिहास आपण सहसा "पहिला फोटो, सर्वात सुंदर फोटो, सर्वात प्रसिद्ध फोटो" असा वाचतो. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. सर्व्हरवर काही बिघडलं की आमचा पहिला प्रश्न असतो, "काल काय होतं?" कालची नोंद नसेल तर आजच्या नोंदीकडे कितीही वेळ बघत बसा, काही कळत नाही. त्यामुळे मला या इतिहासात पहिल्या फोटोपेक्षा त्याच जागेचा दुसरा फोटो जास्त महत्त्वाचा वाटतो. तो कोणी काढला, कशासाठी काढला, आणि कित्येकदा तो का काढलाच गेला नाही, याची ही गोष्ट.

* * *

सुरुवात मात्र पहिल्यापासूनच करू. २४ ऑक्टोबर १९४६. स्पुटनिकला अजून अकरा वर्षं अवकाश आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांकडून हस्तगत केलेली व्ही-२ रॉकेट्स अमेरिकन लोक न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात उडवून बघतायत. त्यातल्या एका रॉकेटात क्लाइड हॉलिडे या इंजिनीअरने ३५ मि.मी.चा चित्रपटाचा कॅमेरा बसवला होता. दर दीड सेकंदाला एक फ्रेम. रॉकेट साधारण १०५ किलोमीटर वर गेलं आणि दगडासारखं खाली आलं. कॅमेऱ्याचा चुराडा झाला, पण फिल्म पोलादी डबीत होती, ती वाचली. त्याआधीचा सर्वात उंचावरचा फोटो १९३५ सालचा, बलूनमधून, साधारण २२ किलोमीटरवरून घेतलेला होता. या नव्या फोटोत पृथ्वीची कड आणि तिच्यावर काळं आकाश स्पष्ट दिसत होतं. दाणेदार, करडा फोटो. पण तो अवकाशातून काढलेला पहिला.

१ एप्रिल १९६० ला टायरॉस-१ हा हवामान उपग्रह गेला. त्यात टीव्हीचे दोन कॅमेरे होते. ७८ दिवस चालला आणि सुमारे २३ हजार चित्रं देऊन गेला. ढगांची वादळी भोवरी वरून आखीव रेखीव दिसते हे हवामानवाल्यांना डोळ्यांनी बघायला मिळालं.

मग माणसं गेली. फेब्रुवारी १९६२ मध्ये जॉन ग्लेनने सोबत नेलेल्या कॅमेऱ्यांपैकी एक फ्लोरिडातल्या कोको बीचच्या एका दुकानात, साधारण ४० डॉलरला विकत घेतलेला होता! हातमोजे घालून दाबता यावा म्हणून त्याला नंतर मूठ आणि खटका जोडला. पुढे १९६५-६६ च्या जेमिनी मोहिमांत पॉल लोमन या नासाच्या भूशास्त्रज्ञाने अंतराळवीरांना शिकवून, विनवून जमिनीचे फोटो काढून घेतले. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी-११ मधून काढलेल्या एका फोटोत आपल्या द्वीपकल्पाचा अख्खा त्रिकोण, खाली श्रीलंका, दोन्ही बाजूंना समुद्र, सगळं एका चौकटीत आहे. शाळेत ज्याचा नकाशा काढून काढून हात दुखले, तो आकार खरोखरच तसा आहे हे बघून वेगळंच वाटतं.

आणि मग ते दोन महाप्रसिद्ध फोटो. २४ डिसेंबर १९६८ ला अपोलो-८ मधून बिल अँडर्सने चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी टिपली. ७ डिसेंबर १९७२ ला अपोलो-१७ च्या मंडळींनी सूर्य पाठीशी असताना पूर्ण उजळलेली पृथ्वी टिपली, तीच "निळी गोटी". मूळ फोटोत दक्षिण ध्रुव वर आहे, छापताना तो फिरवून "सरळ" केला गेला.

या निळ्या गोटीत एक गोष्ट आहे जी बहुतेक लोक बघत नाहीत. फिरवून छापलेल्या प्रतीत वर उजवीकडे हिंदी महासागराच्या टोकाला ढगांचं एक भोवरं आहे. ते एका चक्रीवादळाचं आहे. हे वादळ दोनच दिवस आधी, ५ डिसेंबरला, तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पूर आणि वारा घेऊन धडकलं होतं. जगाने त्या फोटोत एक शांत, नाजूक, एकटी पृथ्वी पाहिली. कडलूरच्या किनाऱ्यावर त्या आठवड्यात काहीही शांत नव्हतं. हे मी फोटोला नावं ठेवायला सांगत नाहीये. एकाच फोटोत किती मावतं आणि तरी किती सुटतं, एवढंच.

* * *

आता त्याच वर्षातली दुसरी घटना. निळ्या गोटीच्या साडेचार महिने आधी, २३ जुलै १९७२ ला, एक उपग्रह गेला. नाव ईआरटीएस-१, पुढे ते बदलून लँडसॅट-१ झालं. त्यात माणूस नव्हता. त्याच्या कुठल्याही फोटोचं पोस्टर कोणाच्या हॉस्टेलच्या भिंतीवर लागलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

त्याची कल्पना निघाली ती जेमिनीच्या फोटोंमुळेच. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम पेकोरा यांना ते फोटो आवडले, पण काम भागेना. अंतराळवीर खिडकीतून जमेल तेव्हा, जमेल त्या कोनातून फोटो काढणार. आज एक जागा, उद्या दुसरी. तुलना करणार कशाची? त्यांना हवा होता एक कंटाळवाणा उपग्रह, जो तीच जागा, त्याच उंचीवरून, त्याच वेळी पुन्हा पुन्हा बघत राहील. नासा चालढकल करतेय असं दिसल्यावर १९६६ मध्ये अमेरिकेच्या अंतर्गत खात्याचे मंत्री स्टुअर्ट युडाल यांनी असा उपग्रह आमचं खातंच सोडणार, असं परस्पर जाहीर करून टाकलं. मग मात्र चक्रं हलली.

उपग्रहावर दोन यंत्रं होती. मुख्य मान होता आरसीए कंपनीच्या टीव्हीसारख्या कॅमेऱ्यांना. दुसरं यंत्र जरा "बघू, जमलं तर" या प्रकारातलं. ते बनवलं होतं ह्यूजेस कंपनीतल्या व्हर्जिनिया नॉरवूड या बाईंनी. त्यात सेकंदाला तेरा वेळा इकडून तिकडे झुलणारा आरसा होता. अवकाशात हलणारा भाग म्हणजे बिघाडाला आमंत्रण, असं अनेकांचं मत. नॉरवूडबाईंच्या चमूने नमुना ट्रकमध्ये घालून कॅलिफोर्नियात फिरवला, योसेमिटीचा हाफ डोम हा प्रसिद्ध कडा त्याने टिपून दाखवला. पुढे काय झालं? उड्डाणानंतर दोन आठवड्यांत मुख्य कॅमेरे विजेच्या बिघाडामुळे बंद करावे लागले. झुलणारा आरसा मात्र १९७८ पर्यंत चालला. एक वर्ष टिकेल असं धरून बनवलेला उपग्रह होता तो. नॉरवूडबाई २०२३ मध्ये गेल्या. त्यांना लँडसॅटची आई म्हणतात.

या यंत्राचं काम समजून घेण्यासारखं आहे, आणि अवघड अजिबात नाही. ते चार पट्ट्यांत प्रकाश मोजत होतं. हिरवा, लाल, आणि डोळ्याला न दिसणारे अवरक्त प्रकाशाचे दोन पट्टे. निरोगी पान अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं, आजारी पान कमी. म्हणजे झाड आपल्या डोळ्यांना हिरवंगार दिसत असतानाच त्याचं दुखणं कळू शकतं. (हे आपल्याकडेही लवकर ओळखलं गेलं होतं. भारतात सुदूर संवेदनाचे जनक मानले जाणारे पी. आर. पिशारोटी यांनी १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांचे फोटो काढले, मुळं कुजवणारा रोग शोधायला. एकही भारतीय उपग्रह वर नसताना!)

दुसरी युक्ती कक्षेची. उपग्रह जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवावर फिरतो आणि कक्षा अशी बेतलेली, की कुठल्याही जागेवर तो आला की तिथे सकाळचे साधारण साडेनऊ वाजलेले असतात. दर अठरा दिवसांनी पुन्हा तीच जागा, पुन्हा साडेनऊच. का? तर सावल्यांमधला फरक फक्त ऋतूपुरता उरावा म्हणून. दोन वर्षांचे त्याच महिन्यातले फोटो शेजारी ठेवले आणि काही वेगळं दिसलं, तर तो फरक जमिनीत झालाय, उन्हात नव्हे. टेस्टिंग करणाऱ्या कोणालाही हे पटेल. एका वेळी एकच गोष्ट बदलू द्यायची.

एक पिक्सेल सुमारे ८० मीटरचा. घर दिसत नाही, माणूस तर नाहीच. पण तळं, जंगल, शेतं, शहराची वाढ, सगळं दिसतं.

* * *

दुसऱ्या फोटोची ताकद कळायला अरल समुद्राकडे बघावं. कझाकस्तान आणि उझबेकिस्तानच्या मधला हा खारा तलाव १९६० साली सुमारे ६८ हजार चौरस किलोमीटरचा होता. म्हणजे साधारण पुणे, अहिल्यानगर, नाशिक आणि सोलापूर हे चार जिल्हे एकत्र केले तर त्याहूनही मोठा. जगातला चौथा. सोव्हिएत नियोजनकर्त्यांनी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी कापसासाठी कालव्यांतून वळवलं. कापूस झाला. तलाव आटला.

आता गंमत बघा. १९९० चा एक फोटो दाखवला तर तुम्ही म्हणाल, छान तलाव आहे, दोन आहेत वाटतं. १९६४ चा फोटो शेजारी ठेवला की पोटात गोळा येतो. १९७३, १९८७, २०००, २०१४... १९८७ च्या सुमारास तलावाचे दोन तुकडे झाले. २०१४ मध्ये दक्षिणेकडच्या तुकड्याचा पूर्व भाग पूर्ण कोरडा पडला. मुयनाक हे मासेमारीचं बंदर होतं, तिथे बोटी वाळूत उभ्या आहेत आणि पाणी शंभराहून जास्त किलोमीटर लांब गेलंय. उघड्या पडलेल्या तळाचं मीठ आणि शेतीतली कीटकनाशकं वाऱ्याने गावांत येतात. मासे गेले, काम गेलं, आणि उरलेल्यांच्या छातीत धूळ गेली.

त्याच मालिकेत चांगली बातमी पण आहे. कझाकस्तानने २००५ मध्ये उत्तरेच्या छोट्या तुकड्यापुढे कोक-अरल बंधारा पुरा केला आणि पाणी पुन्हा चढलं, मासेही परतले. हेही दोन फोटो शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

१९६४ चा फोटो कुठून आला म्हणाल, तर तो हेरगिरीचा! अमेरिकेने १९६० ते १९७२ या काळात कोरोना आणि तिच्या भावंडांच्या नावाने गुपचूप फोटो काढणारे उपग्रह सोडले. तेव्हा डिजिटल काही नव्हतं, खरीखुरी फिल्म. ती कुपीत भरून खाली सोडायची, पॅराशूट उघडायचं, आणि लष्करी विमानाने शेपटीला आकडे लावून ती कुपी हवेतल्या हवेत पकडायची. ऑगस्ट १९६० मध्ये हे पहिल्यांदा जमलं, आणि त्या एका कुपीत रशियाचा जेवढा भाग आला तेवढा आधीच्या सगळ्या यू-२ विमानांच्या फेऱ्यांतही आला नव्हता.

१९९५ मध्ये हे आठ लाखांहून जास्त फोटो खुले झाले. क्षेपणास्त्रं शोधायला काढलेले फोटो सर्वात जास्त आनंदाने कोणी उचलले? पुरातत्त्ववाल्यांनी. जेसन उर या अभ्यासकाने सीरियातल्या टेल ब्राकसारख्या जागांभोवतीचे हजारो वर्षांपूर्वीचे रस्ते त्यांवरून रेखले. माणसं आणि गुरं चालून चालून खोलगट झालेल्या वाटा. १९६० च्या दशकात त्या सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसायच्या. नंतर पाटबंधारे आणि ट्रॅक्टरच्या नांगरांनी कित्येक ठिकाणी त्या पुसून टाकल्या. जमिनीवर आता जे नाही ते फिल्मवर आहे.

* * *

आता या गोष्टीतला जो भाग वाचून मला खरोखर चिडायला झालं, तो सांगतो.

१९८४ मध्ये अमेरिकेने कायदा केला, की लँडसॅट सरकारने कशाला चालवायचा, बाजाराकडे द्या. १९८५ पासून इओसॅट नावाची कंपनी चित्रं विकायला लागली. भाव चढत चढत एका चित्राला ४,४०० डॉलरपर्यंत गेला. एका चित्राला! विद्यापीठांनी हात आखडते घेतले. विकसनशील देशांतल्या संशोधकांची तर गोष्टच सोडा. १९८९ मध्ये पैसे नाहीत म्हणून चालू स्थितीतले उपग्रह बंद करण्यापर्यंत वेळ आली होती, ते थोडक्यात टळलं. १९९३ मध्ये लँडसॅट-६ कक्षेत पोचलाच नाही.

पण महाग चित्रांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. ज्या भागाच्या चित्रांना गिऱ्हाईक नाही, त्या भागावरून उपग्रह जाताना ते यंत्र बऱ्याचदा चालूच केलं जात नसे. मागणी नाही, मग काढायचा कशाला? व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर. परिणाम असा, की १९८० आणि ९० च्या दशकात जगातल्या अनेक गरीब भागांच्या नोंदीत भोकं पडली. ती आता कितीही पैसे टाकले तरी भरता येत नाहीत. कालचा बॅकअप आज घेता येत नाही.

या सगळ्यात लाज राखली लँडसॅट-५ ने. १९८४ मध्ये तीन वर्षांच्या हिशोबाने सोडलेला हा गडी २०१३ पर्यंत चालला. २८ वर्षं आणि वर काही महिने. गिनेस बुकात नाव आहे त्याचं. एक एक भाग निकामी होत गेला आणि जमिनीवरचे इंजिनीअर वाटा काढत गेले. जुनी सिस्टीम सांभाळणाऱ्या माणसांना कोणी पुरस्कार देत नाही, पण जग त्यांच्यावर चालतं, हे मी आमच्या धंद्यात रोज बघतो.

आणि मग २००८ आलं. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणाने अख्खा साठा फुकट खुला केला. विक्रीच्या सर्वात चांगल्या वर्षी, म्हणजे २००१ मध्ये, साधारण २५ हजार चित्रं खपली होती. फुकट केल्यावर वर्षभरात दहा लाखांहून जास्त उतरवली गेली. २०१० पासून वेगवेगळ्या देशांच्या केंद्रांत पडून असलेल्या जुन्या टेप गोळा करायचं कामही सुरू झालं. आपल्याकडे हैदराबादजवळ शादनगरला १९७९ पासून लँडसॅटची चित्रं घेणारं केंद्र होतं. २०१३ मध्ये मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी साडेसहा लाख चित्रं वापरून जगभरच्या जंगलांचा बारा वर्षांचा हिशोब मांडला. जुन्या भावाने ती चित्रं घ्यायची म्हटली असती तर बिल किती झालं असतं, ते कॅल्क्युलेटरवर करून बघा :)

* * *

"हे सगळं ठीक आहे, पण आपल्याला काय?" असं कोणी म्हणेल. तर दोन उदाहरणं देतो.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं सरोवर गुलाबी झालं, आठवतं? लॉकडाऊनचे दिवस होते, फोटो सगळीकडे फिरले. नासाने लँडसॅट-८ ची मे आणि जूनमधली दोन चित्रं शेजारी ठेवली. एकात हिरवट गोल, दुसऱ्यात गुलाबी. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आला असल्याचं सांगितलं. फोटोने "केव्हा" सांगितलं, प्रयोगशाळेने "का".

दुसरं उदाहरण हसण्यासारखं नाही. ७ फेब्रुवारी २०२१ ला उत्तराखंडात चमोलीत ऋषीगंगा आणि धौलीगंगेला अचानक लोंढा आला. दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले, दोनशेहून अधिक माणसं गेली. सुरुवातीला सगळे म्हणत होते की हिमनदीचा तलाव फुटला. आधीची आणि नंतरची उपग्रह चित्रं शेजारी ठेवल्यावर तिथे फुटण्याएवढा तलावच दिसेना. दिसला तो रोंटी शिखराच्या उतारावरचा नवा काळा व्रण. सुमारे पावणेतीन कोटी घनमीटर खडक आणि बर्फ तिथून सुटून खाली आलं होतं. नंतर शास्त्रज्ञांनी जुनी चित्रं मागे मागे जाऊन तपासली, तेव्हा तो भाग २०१६ पासूनच सरकत होता आणि तिथे रुंद भेग पडली होती, हे दिसलं.

म्हणजे चित्रं होती. हिमालयात असे उतार अगणित आहेत, आणि प्रत्येकाकडे रोज कोण बघणार हा प्रश्न खराच आहे. त्या दिवशी बोगद्यात उतरलेल्या कामगारांना दोष देता येत नाही आणि चित्रं अभ्यासणाऱ्यांनाही. पण फोटो काढून ठेवणं ही अर्धी गोष्ट झाली. त्याच्याकडे वेळेत बघायला माणसं, पगार आणि सवय लागते. उपग्रह सोडल्याची बातमी पहिल्या पानावर येते, हे दुसरं काम कुठल्याच पानावर येत नाही.

आपण उपग्रह सोडण्यात मागे नाही. आयआरएस-१ए मार्च १९८८ मध्ये बैकानूरहून गेला. डिसेंबर १९९५ चा आयआरएस-१सी ५.८ मीटरपर्यंतचं बारीक दाखवायचा आणि नागरी वापराच्या उपग्रहांत काही वर्षं जगात तेवढं बारीक कोणी दाखवत नव्हतं. भारताचीही दुसऱ्या फोटोची शिदोरी आता पस्तीस वर्षांहून मोठी आहे.

शेवटी एक गृहपाठ. शनिवारी दुपारी वेळ असेल तर लँडसॅटच्या साठ्यात जा. फुकट खातं उघडावं लागतं, बाकी काही नाही. उजनीचा परिसर उघडा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रात भीमा एक बारीक रेघ आहे, दोन्ही बाजूंना शेतं. १९८० नंतरच्या कुठल्याही चित्रात तिथे मोठं, फाटे फुटलेलं काळंभोर पाणी आहे. त्या पाण्याखाली गावं गेली. इंदापूरकडचं पळसदेवचं जुनं मंदिर दुष्काळात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा लोक बघायला जातात. पहिल्या चित्रात ती गावं कोरडी आहेत. ८० मीटरच्या पिक्सेलमध्ये एक गाव म्हणजे मोजून काही चौकोन, नीट रंगही कळत नाही. पण अक्षांश-रेखांश टाकून बोट ठेवता येतं.

मग तुमच्या गावाचं चित्र काढा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना हिंजवडी आयटी पार्कच्या आधी कशी होती हे ठाऊक नाही, आणि आम्ही आयुष्याची दहा-पंधरा वर्षं तिथल्या ट्रॅफिकमध्ये घालवली आहेत. सर्वात जुनं चित्र उतरवून घ्या, आजचं शेजारी ठेवा, आणि घरातल्या ज्येष्ठांना दाखवा. ते बोट ठेवून काय काय सांगतात ते लिहून ठेवा, कारण ते उपग्रहाला दिसलेलं नाही.

असो. बराच लांबला लेख. पुढच्या शनिवारी भेटू.